कार्ड शिरूरचं, धान्य कोपरगावात

दिवाळीच्या मागेपुढे कोपरगाव तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागतात. गौतमनगरचा कर्मवीर शंकरराव काळे कारखाना आणि सहजानंदनगरचा सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखाना, या दोघांचे गाळप चालते ते बीड, आष्टी, पाथर्डी, शेवगाव या भागांतून येणाऱ्या हातांवर. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी इथे चार-पाच महिने कोपीत राहतात. येताना पत्र्याची पेटी येते, भांडी येतात, पोरे येतात, बैल येतात. रेशनचे दुकान मात्र गावीच राहते.

ही अडचण दिसते त्याहून मोठी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असोत एकूण ३५ किलो. आधी गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट आहेत, आणि १ जानेवारी २०२४ पासून ही मोफत योजना आणखी पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे. म्हणजे हक्क पक्का. पण महिन्याचे धान्य त्या महिन्यातच उचलायचे असते. शिरूर कासार तालुक्यातले पाच माणसांचे कुटुंब नोव्हेंबर ते मार्च कोपरगावात राहिले आणि एकदाही गावी गेले नाही, तर महिन्याला २५ किलोप्रमाणे पाच महिन्यांचे सव्वा क्विंटल धान्य हातचे जाते. शंभरावर किलोमीटर जाऊन २५ किलोचे पोते आणायचे तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी धान्याच्या किमतीला गिळून टाकते.

म्हणून 'एक देश, एक रेशनकार्ड' या नावाने जे चालते, ते या कुटुंबाच्या वाटेने जाऊन पाहायला हवे. घोषणा मोठी वाटते, पण आतली गोष्ट एवढीच आहे की धान्य कुठल्या दुकानातून घ्यायचे हे आता कार्डधारक ठरवतो.

आधी ते कार्डधारकाला का ठरवता येत नव्हते, हेही सांगायला हवे. जुने रेशन कागदावर चालायचे. कोणत्या कार्डाने या महिन्यात उचल केली याची नोंद एकाच वहीत असे आणि ती वही एकाच दुकानात. तेच कार्ड दुसऱ्या दुकानात दाखवले तर पहिल्या दुकानातून माल गेला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. दुबार उचल थांबवायची तर प्रत्येक कार्ड एका दुकानाला बांधणे हाच सोपा उपाय होता. त्यामागे फार मोठे कारस्थान नव्हते. परिणाम मात्र वाईट झाला. दुकानदाराला कधीही न तुटणारे गिऱ्हाईक मिळाले. दुकान महिन्यात दोन दिवस उघडले तरी गिऱ्हाईक तेच, मापात मारले तरी तेच, 'माल संपला' म्हटले तरी पुढच्या महिन्यात तेच. तक्रार करायची तर तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा गावच्या दक्षता समितीकडे, आणि त्या समितीत दुकानदाराच्या ओळखीचे कोणी नाही असे गाव विरळा.

ही गाठ सुटली ती तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. कार्डांची माहिती संगणकावर गेली आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्डाला बारा अंकी आरसी नंबर मिळाला. पहिले दोन अंक २७, हा आपल्या राज्याचा क्रमांक. कार्डावरच्या माणसांचे आधार त्या नंबराशी जोडले गेले. आणि दुकानात ई-पॉस यंत्र आले, ज्याला लोक नुसते मशीन म्हणतात. मग उचलीची वही दुकानात राहिली नाही, ती मध्यवर्ती सर्व्हरवर गेली. बँकेचे पासबुक एका शाखेचे असले तरी पैसे कुठल्याही शाखेत मिळतात, तसे हे झाले. इथे खात्यात शिल्लक असते ती किलोंची.

आता प्रत्यक्ष व्यवहार. शिरूरचे कुटुंब कोपरगावातल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात जाते. अर्ज नाही, तहसीलदाराचा दाखला नाही, जुन्या दुकानदाराची चिठ्ठी नाही, नाव कमी करून आणणे नाही. दुकानदार यंत्रावर आरसी नंबर किंवा आधार क्रमांक टाकतो. पडद्यावर कार्डावरची नावे येतात आणि या महिन्यातला किती कोटा शिल्लक आहे तो आकडा येतो. ज्याचे नाव कार्डावर आहे अशा कोणाही एकाने अंगठा लावायचा. अंगठा जुळला की दुकानदार किलो टाकतो, माल मोजतो आणि पावती निघते. ही पावती मागून घ्यावी. तिच्यावर छापलेले किलो आणि पिशवीतले किलो सारखे आहेत का, हे पाहण्याची तेवढीच एक वेळ असते.

सगळा कोटा एकदम उचलायची सक्ती नाही, आणि स्थलांतरिताच्या दृष्टीने या रचनेतली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे. ऊसतोडीला सहसा सगळे घर येत नाही. समजा आई, बाप आणि धाकटे पोर कोपरगावात आहेत; आजी आणि शाळेत जाणारी मुलगी गावी. कोपरगावात तिघांचे १५ किलो घ्यायचे, उरलेले १० किलो आजीने गावच्या दुकानातून घ्यायचे. तेच कार्ड, तोच महिना, दोन तालुके. पूर्वी यासाठी कार्ड फोडावे लागे. फोडलेले कार्ड पुन्हा जोडताना काय होते ते ज्यांनी सोसले त्यांना विचारावे.

आता दुकानदाराच्या बाजूने पाहू, कारण बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती तिथे. त्याला महिन्याला ठरावीक धान्य मिळते. त्याला नियतन म्हणतात. त्याच्या दुकानाला जोडलेली कार्डे किती, त्यांत माणसे किती, त्यावर गरज काढायची आणि मागच्या महिन्याचा शिल्लक साठा वजा करायचा, असा ढोबळ हिशेब. शासकीय गोदामातून माल दुकानात येतो तो या हिशेबाने. टोळ्या आल्यावर बाहेरची कार्डे या साठ्यातूनच माल नेतात. शिल्लक शून्यावर येते, पण पुढच्या महिन्याची गरज जर फक्त स्वतःच्या कार्डांवर मोजली, तर दुकानाला स्वतःच्या गिऱ्हाइकांपुरताच माल मिळतो. तिकडे शिरूरच्या दुकानात उचल न झालेला माल पडून राहतो आणि त्या दुकानाचे नियतन तेवढे घटते. म्हणजे माणूस सरकला आणि धान्य सरकले नाही.

अशा वेळी दुकानदार काय करील? त्याला कमिशन मिळते क्विंटलमागे. ते १५० रुपये होते, २०२५ मध्ये १७० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. शिरूरच्या कुटुंबाला १५ किलो दिल्याचे त्याला मिळतात साडेपंचवीस रुपये. त्यापायी महिनाअखेर गल्लीतली ओळखीची बाई रिकामी पिशवी घेऊन दारात उभी राहणार असेल, तर तो परक्याला म्हणतो, 'तुमचं कार्ड इथलं नाही.' हे वाक्य नियमाला धरून नाही, पण त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. त्याला नुसती तंबी देऊन हे मिटणार नाही. मागच्या महिन्यात बाहेरच्या कार्डांनी किती उचल केली हे सर्व्हरवर दिसतेच. तेवढे धान्य पुढच्या नियतनात धरले आणि हंगामाच्या तोंडाशी थोडा वाढीव साठा दिला, तर परकी कार्डे त्याला ओझे वाटण्याऐवजी कमाई वाटतील.

साखर कारखान्याच्या बाबतीत तर अंदाजाचीही गरज नाही. किती टोळ्यांशी करार झाले, कोणती टोळी कोणत्या गटात उतरणार, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला ऑक्टोबरात माहीत असते. स्लिपबॉयच्या वहीत रोज कोणाचा किती ऊस गेला याची नोंद असते. एवढी माहिती पुरवठा शाखेने मागून घेतली तर कोणत्या दुकानाजवळ किती माणसे वाढणार हे आधीच कळेल. ऊस किती टन येणार याचा अंदाज काढणाऱ्या तालुक्याला तो तोडणाऱ्यांना गहू किती लागेल याचा अंदाज काढणे जड जाऊ नये.

अंगठ्याचे दुखणे वेगळे. ऊसतोडीच्या हातांवर घट्टे असतात, पाचटाने बोटे चिरलेली असतात. बोटांच्या रेषा झिजल्या की यंत्र त्यांना ओळखत नाही. आपल्या गावच्या दुकानात दुकानदार ओळखीचा असतो, अडलेल्या माणसासाठी दुसरी काही वाट निघू शकते. परक्या दुकानात आधारची ओळख पटल्याशिवाय व्यवहार पुढे जात नाही, आणि ते योग्यही आहे, कारण दुबार उचल अडवणारी तेवढीच कडी आहे. म्हणून एकाचा अंगठा उठला नाही तर कार्डावरच्या दुसऱ्या माणसाचा लावून पाहायचा. नव्या फोर-जी यंत्रांना बुबुळ वाचणारा कॅमेरा आहे, तो वापरायला सांगायचे. कार्डावरच्या प्रत्येकाचे ई-केवायसी व्हावे लागते; त्यासाठीही गावी जायची गरज नाही, ते जिथे आहात तिथल्या दुकानात होते.

आणि वेळ. तोडणीला माणसे पहाटे अंधारात बाहेर पडतात; गाडी भरायला रात्र होते. दुकान उघडते सकाळी, मिटते दुपारी. धान्यासाठी जोडीतल्या एकाने थांबायचे म्हणजे त्या दिवशीच्या तोडीला फटका. दुकान निवडण्याची मुभा दिली पण ते उघडे असण्याची वेळ निवडता येत नाही, तर मुभेतली निम्मी हवा तिथेच जाते. तळाजवळच्या दुकानांनी हंगामात आठवड्यातून एक दिवस रात्री आठपर्यंत उघडे राहावे, एवढे करायला नवा कायदा लागत नाही.

दुकान निवडण्याची ही कल्पना आली कुठून? छत्तीसगडमधल्या रायपूर शहरात २०१२ मध्ये कार्डधारकाला शहरातल्या कुठल्याही दुकानातून धान्य घ्यायची सोय झाली. तिचे नावच 'मेरी मर्जी'. तिथे स्थलांतर हा मुद्दा नव्हता. मुद्दा होता दुकानदाराची मक्तेदारी मोडण्याचा. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात मांडले होते की वाईट सेवेपुढे माणसाकडे दोन मार्ग असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. रेशनमध्ये आपण साठ वर्षे दुसऱ्याच मार्गावर भिस्त ठेवली. पहिला मार्ग रायपूरने उघडला. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात अशा दोन जोड्यांनी राज्याच्या सीमेपलीकडे उचल सुरू केली, जानेवारी २०२० ला बारा राज्ये आली. मग टाळेबंदीत स्थलांतरितांचे जे हाल झाले त्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये उरलेल्या राज्यांना मुदत घालून दिली. जून २०२२ मध्ये आसाम शेवटी आला आणि देश पुरा झाला. राज्याबाहेर मिळते ते केंद्राच्या कोट्याचे धान्य. एखाद्या राज्याने स्वतःच्या पैशाने दिलेला जास्तीचा शिधा सीमेवर थांबतो.

देशभरात परक्या दुकानातून होणाऱ्या उचलींपैकी बहुतेक राज्यातल्या राज्यात होतात. मथळ्यांत येतो तो बिहारचा मजूर मुंबईत. खरा वापर करते ती कोपरगावातली बाई, जी आपल्या वॉर्डातला कुरकुर करणारा दुकानदार सोडून दोन गल्ल्या पलीकडे जाते. शहरात हे जमते, कारण चालत जाण्याच्या अंतरावर दोन-तीन दुकाने असतात. तालुक्यातल्या खेड्यात एकच दुकान. तिथल्या कायम रहिवाशाला कागदावर देशातली सगळी दुकाने खुली आहेत आणि प्रत्यक्षात एक. अशा गावात दक्षता समितीला पर्याय नाही, आणि सोडून जाण्याची सोय झाली म्हणून आवाज उठवण्याची सोय मोडीत काढली तर खेड्यांचे नुकसान होईल.

आता दुसरी निवड, जिच्यावर जास्त भांडणे होतात: धान्य की पैसे. कोपरगावची पूर्वेकडची शीव ओलांडली की वैजापूर तालुका लागतो, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळे. ते थांबले, आणि जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात जायला लागले. २०२४ मध्ये ते १७० झाले. कोपरगावचा अहिल्यानगर जिल्हा या चौदांत नाही, त्यामुळे शिवेच्या अलीकडच्या तशाच शेतकऱ्याला हे नाही. १७० रुपयांना पाचाने भागले तर किलोला ३४ रुपये पडतात. त्या भावात गहू-तांदूळ मिळाला तर हिशेब जमला, भाव चढले तर कमी पडला, कारण रक्कम भावाबरोबर आपोआप चढत नाही. पण मला खटकते ते दुसरेच. वैजापूरच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही की तुला काय हवे. धान्य बंद झाले आणि पैसे सुरू झाले. याला निवड म्हणत नाहीत. देणाऱ्याने वस्तू बदलली, एवढेच.

चंडीगड आणि पुदुच्चेरीत सप्टेंबर २०१५ मध्ये असेच झाले, दुकाने बंद करून रोख. आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचे महाराष्ट्राने २०१८ मध्ये ठरवले, तेव्हा विद्यार्थी जुलैत पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांचे म्हणणे सरळ होते: पैसे वेळेवर येत नाहीत आणि भूक वेळेवर लागते. त्याच वर्षी मुंबईत राज्य सरकारने वेगळा प्रयोग मांडला. मोजक्या रेशन दुकानांत कार्डधारकाने स्वतः सांगायचे, धान्य हवे की पैसे. रेशनवर काम करणाऱ्या संघटनांनी त्यालाही विरोध केला. आज विचारतील, उद्या धान्य काढून घेतील, ही त्यांची भीती. मागचा-पुढचा अनुभव पाहता ती भीती उगाच नव्हती. तरीही मला तो प्रयोग चौदा जिल्ह्यांच्या निर्णयापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात धान्य परत निवडता येणार होते. परतीची वाट उघडी असेल तरच ती निवड. दुकानाच्या बाबतीत ती उघडी आहे: मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, टोळ्या परतल्या, की शिरूरचे कुटुंब आपल्या गावच्या दुकानात अंगठा लावते. कार्ड मुळात हललेलेच नसते, म्हणून परत आणावे लागत नाही.

धान्य कोणते, ही तिसरी निवड जवळपास नाहीच. गहू किती आणि तांदूळ किती हे सरकार साठ्याप्रमाणे ठरवते आणि ते प्रमाण बदलत राहते. ऊसतोडीच्या माणसाला लागते बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी. फडात दुपारी खायला भात चालत नाही. कायद्यात भरड धान्य आहे, १ रुपया किलो असा त्याचा भावही त्यात लिहिलेला होता. काही महिन्यांत काही जिल्ह्यांना ज्वारी आलीही. पण तांदळाऐवजी मला बाजरी द्या, असे यंत्राला सांगायचे बटण नाही. मग नको असलेला तांदूळ बाजारात जातो, मिळेल त्या भावाने, आणि आपण वर्तमानपत्रात वाचतो की रेशनचा तांदूळ पकडला.

राहिला घरातला प्रश्न. कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडीलधारी बाई असते. आपल्या कुटुंबात ती आजी, आणि ती गावी आहे. कोटा मात्र कार्डाचा आहे, माणसाच्या नावाने वेगळा ठेवलेला नाही. कोपरगावात लेकाने महिन्याच्या पहिल्या आठवड्यात २५ किलो एकदम उचलले तर आजीच्या अंगठ्यापुढे यंत्र शून्य दाखवते, आणि ते नियमाने बरोबर असते. माणशी ५ किलो हा हक्क यंत्रात माणशी राखून ठेवणे अवघड नाही. गावी राहिलेल्यांचा वाटा गावच्या दुकानाला बांधून ठेवा, असे कार्डधारकाला सांगता आले पाहिजे. ते होईपर्यंत उचल करण्याआधी फोनवर वाटणी ठरवावी लागते. दुकानदाराने परके कार्ड म्हणून नकार दिला, किंवा पावतीपेक्षा कमी मोजले, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तक्रार करताना शिरूरच्या दुकानाचा नव्हे, कोपरगावच्या दुकानाचा क्रमांक सांगायचा असतो. तो पावतीवर असतो.